उकळल्याचा टाका

४ एप्रिल, सोमवार

हे पुस्तक माझं आहे आणि अक्षर माझ्या नातीचं. मला लिहितावाचता येत नाही आणि आता शिकायचा विचारही नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षं निभावली, उरलेलीही निभतील. मी बोलणार, ती लिहिणार. अट एकच, मी बोलेन तेच लिहायचं. सुधारायचं नाही, गाळायचं नाही, आणि ‘आजी, असं कसं लिहू’ म्हणायचं नाही. आत्ताच म्हणाली. तेही लिहायला लावलं.

नातीला मी टिटवी म्हणते. लहानपणी कुठे खुट्ट झालं की घर डोक्यावर घ्यायची. आता एकतीस वर्षांची आहे आणि गॅसच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, म्हणून घराऐवजी कारखाना डोक्यावर घेते. आम्ही दोघी कारखान्याच्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. तिची आई, म्हणजे माझी लेक, लांबच्या शहरात इस्पितळात नर्स आहे. रविवारी फोन करते आणि आम्हा दोघींकडून एकमेकींच्या तक्रारी ऐकून घेते.

पुस्तक टिटवीनं कारखान्यातूनच आणलं. तिकडे दर तासाला काय झालं ते लिहून ठेवतात म्हणे. ती म्हणाली, “आजी, तू दिवसभराचं साठवतेस आणि मी दारात आले की अंगावर ओततेस. निदान ते कुठेतरी उतरू दे.” पानांवर आडव्याउभ्या रेघा आहेत. मी बोट ठेवून एकेक रकाना विचारला. पहिला वेळ, दुसरा तापमान, तिसरा दाब. म्हटलं, माझा दाब डॉक्टर लिहितो, पुढचा सांग. पुढे शेरा. काही बिघडलं तर तिथे लिहायचं.

“आणि नाही बिघडलं तर?”

“तर ‘ठीक’ लिहायचं.”

सगळ्यात शेवटी सही. सहीचं पुढे बघू.

आता मुद्द्याचं. समुद्राखालून नळांतून गॅस येतो. तो जहाजात भरायचा तर मावत नाही. म्हणून त्याला इतका गार करतात की त्याचं पाण्यासारखं काहीतरी होतं आणि सहाशे खोल्यांतला गॅस एका खोलीत बसतो. गार म्हणजे किती, तर उणे एकशे बासष्ट. मी विचारलं, आपल्या फ्रीजच्या कितीपट? म्हणाली, असं पटीत मोजत नाहीत. शिकलेल्यांना सोपं विचारलं की ते मोजत नाहीत.

या गार करण्याच्या खटाटोपातच शंभरातला आठ-नऊ भाग गॅस जळून जातो. टिटवीनं दोन वर्षं डोकं घालून गारवा देणारं एक नवं मिश्रण बसवलंय. त्यानं यंत्रांना मेहनत कमी पडेल असं तिचं म्हणणं. कारखान्यात तीन लाइनी आहेत, त्यातल्या एकीवर उद्यापासून एकवीस दिवस हे मिश्रण चालवून बघायचं. यंत्रांच्या खाण्यात शंभराला चार वाचले तर बाकीच्या दोन लाइनींना लावणार, आणि समुद्रापलीकडे नवा कारखाना उभा राहतोय तिथे टिटवीला तीन वर्षांसाठी प्रमुख म्हणून पाठवणार. चार नाही वाचले तर मिश्रण गुंडाळायचं आणि टिटवीनं परत रकाने भरत बसायचं.

आजी खूश आहे. लिही, आजी खूश आहे. लिहिलंस? परत एकदा लिही.

आजी खूश आहे.

५ एप्रिल, मंगळवार

मिश्रण सुरू झालं. दिवसभर काही झालं नाही. कारखान्यात काही न होणं म्हणजे चांगला दिवस. आमच्या घरी त्याला कंटाळा म्हणतात.

शेरा: ठीक.

९ एप्रिल, शनिवार

चार लागत होते, पाच आलेत. टिटवी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या चढत आली. मी म्हटलं, पाच म्हणजे पाच, त्यासाठी गुडघे कशाला मोडतेस.

मग तिला म्हटलं, तुझं मिश्रण करतं तरी काय, मला कळेल असं सांग. ती म्हणाली, गॅस गरम असतानाच त्याला एकदम कडक गार काही लावलं तर तो गारवा वाया जातो. गॅस जसजसा गार होईल तसतसं त्याच्याहून थोडंसंच गार असलेलं काहीतरी त्याच्या शेजारून उलट्या दिशेनं वाहत यायला हवं. एकट्या पदार्थाला हे जमत नाही, म्हणून चार-पाच मिसळायचे. कुठला किती, यातच तिची दोन वर्षं गेली.

एवढंच होय. मी अडतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात होते. तीन हौद होते. चादरी पहिल्या हौदातून तिसऱ्याकडे जायच्या आणि पाणी तिसऱ्यातून पहिल्याकडे यायचं. कोरं पाणी शेवटच्या, जवळजवळ निघालेल्या चादरीला. तेच पाणी मग मधल्या हौदाला आणि शेवटी मळक्या चादरींना. मळक्या चादरीवर कोरं पाणी ओतणारी बाई आमच्याकडे आठवडाभरही टिकली नाही.

टिटवी पेन ठेवून माझ्याकडे बघत बसली. “आजी, हे मला कॉलेजात चार महिने शिकवलं.”

“चार महिने कशाला? हौदावर एक सकाळ पुरते.”

तिला खुणांचंही सांगितलं. अक्षर येत नव्हतं म्हणून मी दोऱ्यानं काम चालवायची. गाठोड्याला दोन निळे टाके असले की बाळंतिणींचा विभाग, एक हिरवा असला की मुलांचा. आणि तापाच्या विभागाच्या चादरी उकळून निघाल्या की त्या गाठोड्याचं तोंड मी लाल दोऱ्यानं शिवायची, एक उभा, एक आडवा. वरच्या नर्सबाई तो टाका बघून, कापून मगच गाठोडं उघडायच्या. माझी सही म्हण हवं तर.

शेरा: ठीक. पाच.

१४ एप्रिल, गुरुवार

आज कारखान्यात बाहेरचे पाहुणे होते. त्यांच्यासाठी पंधरवडाभर आधीपासून घासपूस चालली होती. रेलिंगला रंग, झाडांच्या बुंध्यांना चुना, पाटीवरची धूळसुद्धा पुसली. घरोघरी हेच, पाहुणे येणार म्हटलं की आपल्याला आपली धूळ दिसते.

मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर ‘पाच’ सांगितलं आणि टिटवीला पुढे बोलावलं. वर कळवूनही टाकलं म्हणे. जाताना तिला म्हणाले, पासपोर्ट काढून ठेवा.

आल्याआल्या तिनं माळ्यावरून मोठी बॅग उतरवली. आत माझ्या जुन्या उशा निघाल्या, मी सहा महिने शोधत होते त्या. म्हटलं, तीन वर्षांना स्वेटर किती लागतील? तर म्हणते, तिकडे उकाडा असतो. एवढा गारठा करायचा कारखाना आणि तो उकाड्यात नेऊन बांधायचा. मी काही बोलले नाही. म्हणजे हे एवढंच बोलले.

शेजारची पोस्टमास्तरीण पण येऊन गेली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी अजून कुणाच्या हातात पाकीट दिसलं की तिकीट बरोबर लावलंय का ते बघते. टिटवीला म्हणाली, जाशील तिथून पत्र पाठव, फोन काय कुणीही करतं.

आता शेवटचं एक वाक्य लिही.

लिहिलंस? वाच बरं. हां, बरोबर. पेन ठेव आता आणि नाक पूस, पानावर गळेल.

१७ एप्रिल, रविवार

आजचा पराक्रम माझा आहे, तेव्हा नीट लिही.

आमचा फ्रीज कितीतरी दिवस कण्हत होता. सुरू झाला की थांबायचंच नाव नाही. टिटवी म्हणायची जुना झालाय, नवा घेऊ. मी म्हटलं, जुन्याला लगेच बाहेर काढायची भाषा या घरात नको. आज सकाळी ती झोपली होती तेव्हा वायर काढली आणि त्याला भिंतीपासून ओढला. पाठीमागच्या काळ्या जाळीवर धुळीची गोधडी. त्यात या दिवसांत झाडांवरून पांढऱ्या म्हाताऱ्या उडतात ना, त्या खिडकीतून येऊन तिथेच मुक्कामाला बसलेल्या. एक म्हातारी दुसऱ्या म्हाताऱ्यांना हाकलत होती, असं चाललं तासभर. दात घासायचा जुना ब्रश घेतला, ओलं फडकं घेतलं, जाळीची काडी न् काडी मोकळी केली. ब्रश जुना नव्हता म्हणे. टिटवीचा होता.

पण गंमत बघ. दुपारपासून फ्रीज गप्प आहे. मधेच उठतो, जरा गुरगुरतो, परत झोपतो. आत मी काहीही बदललेलं नाही. तेच दूध, तेच टोमॅटो. नुसती पाठ धुतली त्याची.

इथे टिटवी लिहायची थांबली. मी म्हटलं, थांबलीस असं लिही. लिहिलं.

“आधी कधी धुतलं होतं हे?” तिनं विचारलं.

“तू आणल्यापासून कधीच नाही. का गं?”

“तुझं नाही विचारत.”

असं म्हणून पायात चपला सरकवून रविवारची कारखान्यात गेली. चहा तसाच. या शेवटच्या दोन ओळी ती आल्यावर लिहून घेतल्यात. काय झालं ते सांगत नाही.

शेरा विचारला तर म्हणाली, राहू दे आज.

१८ एप्रिल, सोमवार

जेवली नाही. फोन उलटा ठेवते. आरशात न बघता केस विंचरते. या वयात ही लक्षणं मला कळत नाहीत असं तिला वाटतं. कुणीतरी आहे आणि त्याच्याशी बिनसलंय, असं माझं मत. लिही, मान हलवू नकोस.

खोदूनखोदून विचारलं तेव्हा म्हणाली, “काल मी पाइपवाल्याला भेटायला गेले होते.”

“हा पाइपवाला कोण? लग्न झालंय का त्याचं?”

“आजी, त्याला नातू आहे.”

मी डोक्याला हात लावला. मग तिनं सांगितलं ते असं. कारखान्यात छपराएवढ्या उंचीवर मोठमोठ्या पंख्यांच्या रांगा आहेत. त्यांच्याजवळ नळ्या, आणि नळ्यांवर पत्र्याच्या बारीक पट्ट्या. गॅसमधून काढलेली सगळी उष्णता शेवटी तिथून हवेत जाते. म्हणजे फ्रीजच्या पाठीमागची जाळीच ती, फक्त रस्त्याएवढी लांब. तिच्यात धूळ आणि म्हाताऱ्या अडकल्या की यंत्रांना दुप्पट कण्हावं लागतं. पाइपवाला आणि त्याची माणसं जोराच्या पाण्यानं ती धुतात. दीड वर्ष धुतली नव्हती. पाहुणे येणार म्हणून धुतली. कधी, तर एप्रिलच्या दोन आणि तीन तारखेला, आणि नेमकी टिटवीच्याच लाइनीची, कारण पाहुण्यांना तीच दाखवायची होती.

आणि पाचला तिचं मिश्रण सुरू झालं.

धुतल्याची नोंद आहे, पण ती देखभालीच्या वहीत. टिटवी बघते ती यंत्रं चालवणाऱ्यांची वही. दोन वह्या, दोन खोल्या, मधे एक भिंत. आता ते पाच कुणामुळे आले, मिश्रणामुळे की पाण्यामुळे, ते तिलाच माहीत नाही.

मी म्हटलं, हा पाइपवाला माझ्याच धंद्यातला निघाला की. ती हसली नाही.

२० एप्रिल, बुधवार

टिटवी मोठ्या साहेबांना भेटली. एक आठवडा जुनं मिश्रण चालवू या, जाळ्या आता धुतलेल्याच आहेत, म्हणजे कुणाचं किती ते वेगळं होईल, असं म्हणाली.

साहेब वाईट माणूस नव्हे. दोन वर्षं सगळे तिला हसत होते तेव्हा त्यांनीच तिचं मिश्रण उचलून धरलं. ते म्हणाले, “धुणं हे नेहमीचं काम आहे. रस्ता झाडला ते आपण अहवालात लिहितो का? तुम्ही मिश्रणाचा अहवाल लिहा. आकडा पाच आलाय, तो खोटा नाही. आणि वर कळवलेलं मी आता कोणत्या तोंडानं परत घेऊ?” मग म्हणाले, मंगळवारपर्यंत द्या, निर्णय तुमचा.

मला विचारशील तर मला साहेबांचं पटलं. पोरीनं दोन वर्षं सुट्टी घेतली नाही. कुणी मधेच पाणी मारलं तर तिचा काय गुन्हा? मी तिला तसं सांगितलंही. म्हटलं, लिही अहवाल आणि जा. नाहीतर माझ्या फ्रीजनं तुझं वाटोळं केलं असं मला जन्मभर वाटत राहील. जन्मभर म्हणजे आता फार नाही, पण तरी.

ती म्हणाली, बघते.

२१ एप्रिल, गुरुवार

आजचं अक्षर माझं, शेजारच्या पोस्टमास्तरणीचं. आजी सांगतील तसं लिहीत आहे. त्या म्हणतात, तारेसारखं तोडून लिहू नका, शब्दांचे पैसे पडत नाहीत.

दुपारी मी हे पुस्तक मिरवायला शेजारी नेलं. म्हटलं, बघा माझं पुस्तक, वाचा मोठ्यानं. पोस्टमास्तरीण म्हणाली, दुसऱ्याचं टपाल मी कधी वाचलं नाही. म्हटलं, टपाल माझं आहे आणि मीच सांगतेय. चष्मा लावून छान वाचलं. हौदांना हसली, ब्रशाला हसली. चौदा तारखेचं पान आलं. मी सरसावून बसले, कारण तिथे शेवटी माझं एक वाक्य होतं. ते आलंच नाही. ‘पेन ठेव आणि नाक पूस’ आलं आणि पान संपलं.

परत वाचायला लावलं. नव्हतंच.

त्या संध्याकाळी मी सांगितलं, टिटवीनं मान खाली घालून पेन हलवलं, आणि वाच म्हटल्यावर ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. पेन हलतं ते मला दिसतं. काय उमटतं ते दिसत नाही. मी तिच्या तोंडाकडे बघून समजत होते की लिहिलंय.

पोस्टमास्तरीणबाई, आता तुम्ही लिहा ते वाक्य. लिहा: ती तीन वर्षांनी परत येईल तेव्हा मी असेन की नाही ते मला माहीत नाही. तिला तोंडानं विचारायची माझी हिंमत होत नाही, म्हणून तिच्याच हातून लिहून घेतेय.

(मी हे लिहिलं आहे. आजींना दोनदा वाचून दाखवलं आहे. खात्री असावी.)

२२ एप्रिल, शुक्रवार

टिटवीचं अक्षर परत आलंय. सकाळपासून आमचं बोलणं नव्हतं. एका घरात दोन माणसं न बोलता राहिली की भांडी जास्त आपटतात.

संध्याकाळी स्वतःहून पुस्तक घेऊन बसली. म्हणाली, “मला लिहवेना. लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं.”

मी म्हटलं, “न लिहिल्यानं काय झालं? ते होतं तिथेच राहिलं. फक्त मला वाटत राहिलं की आपण सांगितलं.”

ती रडली. मला रडणाऱ्यावर रागावता येत नाही, ही माझी जुनी खोड. म्हणून रागाऐवजी तिला एक गोष्ट सांगितली, आणि ती आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही. तुझ्या आईलाही नाही. लिही, आणि यातला शब्द गाळलास तर परत पोस्टात जाईन.

बावन्न वर्षांपूर्वीचं आहे. धुलाईखान्याचा बॉयलर बंद पडला. तापाच्या विभागाच्या चाळीस चादरी पडून होत्या आणि वरून निरोपावर निरोप, चादरी पाठवा, माणसं उघड्या गादीवर झोपलीत. मुकादम म्हणाला, गरम पाण्यातून काढल्यात ना, बास झालं, शिवून टाक. मी शिवलं. लाल दोरा, एक उभा, एक आडवा. चादरी उकळलेल्या नव्हत्या. वरच्या नर्सबाईंनी टाका बघितला, कापला, चादरी अंथरल्या.

कुणी मला कधी काही बोललं नाही. कुणाला त्या चादरींनी काही झालं का, ते मला माहीत नाही. त्या आठवड्यात वर तिघांचा ताप वाढला. वाढायचाच असेल. तापाच्या विभागात ताप वाढतोच. पण विचारायला जावं तर आधी सांगावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही. नंतर मी हजारो खरे टाके घातले असतील. तो एक आठवला की त्या बाकीच्यांचाही मला भरवसा वाटत नाही.

एवढं सगळं मी पोटातून काढून सांगितलं. आता निदान ‘आजी, असू दे’ असं काहीतरी म्हणायचं. तर ही बाई उठली आणि हिनं कॉम्प्युटर उघडला. म्हटलं, काय गं? म्हणाली, अहवाल परत लिहायचाय. बघा. मी काय सांगतेय आणि हिला ऑफिसचं काम आठवतंय.

त्यात म्हणे दोन आणि तीन एप्रिल पहिल्याच पानावर आणायचेत. आणा बाई.

२ मे, सोमवार

दहा दिवस लिहिलं नाही. टिटवी उशिरा यायची आणि बसल्याबसल्या पेंगायची. पोस्टमास्तरीण तयार होती, पण तिला शिळी बातमी द्यायची नव्हती.

टिटवीनं मंगळवारी अहवाल दिला. धुण्याचं लिहिलं होतंच, वर असंही लिहिलं होतं की जुनं मिश्रण आठवडाभर चालवल्याशिवाय या आकड्यावर विश्वास ठेवू नये. स्वतःच्याच आकड्यावर. साहेबांनी कागद वाचला, बाजूला ठेवला, म्हणाले, चालवा आठवडाभर. बाकी एक शब्द नाही.

आज हिशेब लागला. पाचातले साडेतीन पाण्याचे आणि दीड मिश्रणाचा.

चार लागत होते. समुद्रापलीकडे आता दुसरं कुणीतरी जाणार. साहेब तिला म्हणाले, “दीड तरी पक्का ना?”

“पक्का आहे.”

“मग तो वाढवा. थंडीपर्यंत वेळ देतो.” एवढं बोलून ते गेले. आधी जिन्यात भेटले की थांबून चौकशी करायचे, आता नुसती मान हलवतात. टिटवीला ते लागतं. मला कळतं.

तिन्ही लाइनींच्या जाळ्या आता दर महिन्याला धुणार, आणि धुतल्याची नोंद टिटवीच्याच वहीत, तिच्याच रकान्यात होणार. अहवालात पाइपवाल्याच्या माणसांचा उल्लेख आहे. संध्याकाळी तो स्वतः घरी आला. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान, हात पाण्यानं सुरकुतलेले. हात बघितल्याबरोबर मला माणूस ओळखीचा वाटला. दारातूनच म्हणाला, “फ्रीज धुणाऱ्या आजी तुम्हीच का? तुमच्यामुळे माझं काम तिप्पट झालं.”

म्हटलं, “मग बसा, चहा तिप्पट घ्या.”

एक तास आम्ही पाण्याच्या जोराबद्दल बोललो. टिटवी मधे बसून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तो म्हणाला, तीस वर्षं धुतोय, कुणी आकडा काढून दाखवला नव्हता. साडेतीन, साडेतीन असं दोनदा म्हणाला आणि गेला.

आता हे लिही. मी फ्रीज मुद्दाम धुतला नाही. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. पण आज बॅग परत माळ्यावर गेली तेव्हा मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल वाईट वाटलं. उशा तिनं बाहेरच ठेवल्या. बॅग मात्र वर टाकताना दोनदा झटकली, आत काही राहिलंय का ते बघायला.

शेरा: दीड. पक्का.

८ मे, रविवार

लेकीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं, बॉयलरचंही. ती म्हणाली, आई, आमच्याकडे अजून गाठोडी शिवलेलीच येतात, मी रोज कापते. एवढंच म्हणाली आणि तिला कुणीतरी हाक मारली.

मग मी टिटवीला म्हटलं, सहीचा रकाना पहिल्या दिवसापासून कोरा पडलाय. आण पुस्तक, आणि आधी सगळं वाच. चार एप्रिलपासून. मी ऐकल्याशिवाय सही करत नाही.

तिनं वाचलं. खूश आहे, खूश आहे, हे दोन्ही वेळा वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. हौद, ब्रश, पाइपवाला सगळं आलं. चौदा तारखेच्या पानावर ते वाक्य आता तिनं आपल्या हातानं कडेला घातलंय, बारीक अक्षरात, कारण जागाच उरली नव्हती. तिथे आली आणि अडकली. म्हटलं, पाणी पी, पण वाच. तिनं पाणी प्यायलं आणि वाचलं. या वेळी मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही, तिचं बोट ओळीवरून कसं सरकतंय ते बघितलं. माझं वाक्य केवढं लांब आहे ते मला पहिल्यांदाच दिसलं. वीतभरसुद्धा नाही.

मग लाल दोरा काढायला लावला. सुई तिनंच ओवली, माझी नजर तेवढी उरलेली नाही. सहीच्या रकान्यात एक उभा घातला, एक आडवा घातला. कागद चादरीपेक्षा हट्टी असतो. एकदा भोक पडलं की पडलं, उसवून परत घालता येत नाही. टाका सरळ आला. चौदा तारखेच्या पानावरही एक घातला.

टिटवीनं विचारलं, आज शेरा काय लिहू? म्हटलं, आजचा तू तुझ्या मनाचा लिही. तिनं पानाच्या तळाशी काहीतरी लिहिलं. काय लिहिलंस म्हटलं तर नुसती हसते. असू दे. उद्या पोस्टमास्तरणीकडून वाचून घेईन.

शेरा: दोघी आहोत.